हजार टाक्यांचा भाव

सोलापुरात भाव विचारायला चार भाषा हाताशी आहेत. मराठीत 'कितीला', कन्नडात 'एष्टु', तेलुगूत 'एंता' आणि कुठल्याही पेठेत चालणारं दखनी 'कित्ते कू'. उत्तर कुठल्याही भाषेत येऊ द्या, ते ऐकून होणारा चेहरा मात्र एकच असतो. समोरच्यानं भाव सांगितला नसून आपल्या नावचा सातबारा मागितला, असा.

शेळगीत आमची एक मावशी आहे. सख्खी नाही, पण सोलापुरात सख्खं कोण विचारतो? तीस वर्षं विड्या वळल्या, पाठ गेली, तेव्हापासून गोधड्या शिवते. तिच्या माहेरी, अक्कलकोटकडं, त्याला कौदी म्हणतात. परवा मी तिच्या ओसरीवर चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात जुळे सोलापुरातून एक जोडपं गाडीतून उतरलं. गोधडी पसरली गेली. साहेबांनी ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली. लोक जमिनीचे कागदसुद्धा इतके नीट बघत नाहीत.

"जुन्याच साड्या ना या, मावशी?"

"होय की."

"मग सहाशे कशाचे?"

मावशीला उत्तर सुचेना. तिलाही ते कधी कुणी सांगितलेलं नाही. साहेबांनी एका जागी बोट ठेवलं. "इथं टाका वाकडा गेलाय बघा. मशीनचं कसं एका रेषेत असतं." साडेचारशे म्हणाले. पाचशेला तुटलं. बाईंनी जाताजाता बाळासाठी एक दुपटंही उचललं, 'असू दे हो मावशी' म्हणत. हे वाक्य खरं तर मावशीनं म्हणायचं असतं, पण गर्दीच्या वेळी कामं वाटून घ्यावीत.

आपल्याकडची नाती किती उपयोगी आहेत ते इथं कळतं. मावशी म्हटलं की शंभर रुपये उतरतात. अक्का म्हटलं की पन्नास. मॉलमध्ये काउंटरमागच्या विशीतल्या पोराला आपण 'सर' म्हणतो आणि पिशवीचे वीस रुपयेही मुकाट्यानं देतो. त्याला कुणी 'भाच्या, पिशवी अशीच दे की' म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

जोडपं गेल्यावर मी कागद-पेन्सिल घेतली. मावशीच्या मांडीवर दुसरी गोधडी होती, अर्धी झालेली. बोटाला अंगुस्ताना नाही, चिंधी गुंडाळलेली. दोरा मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्यायचा, चार थरांतून सुई घालायची, खालच्या हातानं ती चाचपून परत वर काढायची. मधल्या पट्टीला सासूच्या इरकली लुगड्याचा काठ. सासू जाऊन बारा वर्षं झाली, काठाचा रंग गेलेला नाही. तो काठ हिशेबात कुठं धरायचा, विचारलं. "लुगडं जुनंच की रे ते," मावशी म्हणाली. म्हणजे शून्य.

गोधडी सहा फूट लांब, साडेचार फूट रुंद. इंचाइंचावर धावदोऱ्याची एक ओळ, अशा चोपन्न ओळी. इंचाला पाच टाके धरले तर एका ओळीत तीनशे साठ. एकूण 19,440 टाके. रोज साडेतीन तास बसून वीस दिवस, म्हणजे सत्तर तास. वरचं कापड साडेतीनशेचं, दोरा साठचा. सहाशेतून हे चारशे दहा वजा केले की सत्तर तासांचे उरले एकशे नव्वद. तासाला दोन रुपये एकाहत्तर पैसे. हजार टाक्यांना पावणेदहा रुपये. आणि हा सहाशेचा हिशेब आहे. गोधडी गेली पाचशेला.

हजाराचा आकडा ऐकून मावशीची सुई थांबली. हजार तिला कळतो. विडीची मजुरी हजारावरच असते, आणि ती याच्या कितीतरी पट. तिथं मापात न बसलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला पडायच्या, त्यावरून भांडणं व्हायची, युनियन होती, लाल झेंडा होता, मोर्चे होते. "टाक्याला कुणाची युनियन?" तिनं विचारलं. मी चहा संपवला.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांनी भागलं तर तासाला 39. सत्तर तासांचे झाले 2,730. त्यात सामानाचे चारशे दहा मिळवा: 3,140. नफा नाही, वीजबिल नाही, सासूचं लुगडं नाही. खड्डे खणणाऱ्याला सरकार जे देतं, तेवढंच.

माझ्या भाच्यानं एमबीए केलं आहे. त्याचं म्हणणं, असा धंदा होत नसतो. सामान अधिक मजुरी, त्याची दुप्पट म्हणजे घाऊक किंमत, त्याची पुन्हा दुप्पट म्हणजे किरकोळ. त्यानं मोबाइलवर बोट फिरवलं आणि 12,560 रुपये असा निकाल दिला. मावशीनं तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "बारा हजाराचं पांघरून झोप तरी लागंल का रे माणसाला?"

भाच्याला आम्ही हसलो खरे, पण तो अगदीच चुकीचा नव्हता. फक्त गाव चुकलं होतं. मागच्या वर्षी पुण्यात एका प्रदर्शनात मी मावशीची गोधडी पाहिली. काठावरून ओळखली. कुणीतरी सहाशेला नेलेली. बांबूवर टांगली होती, खाली चिठ्ठी: 3,200. 'सस्टेनेबल' हा शब्द देवनागरीत मी पहिल्यांदा तिथं वाचला. एक टाका वाकडा गेला होता. मी मुद्दाम बोट ठेवलं, तर स्टॉलवरची मुलगी हळुवार आवाजात म्हणाली, "सर, ही कारागिराची सही असते." सोलापुरात जी छाट, ती पुण्यात सही! हुतात्मा एक्सप्रेसला मधे चार तास लागतात. गोधडी रॅकवर पडून चार तासांत 2,600 रुपये कमावते, तासाला साडेसहाशे. मावशीनं सुई सोडून नुसता प्रवास केला असता तर पाठही वाचली असती.

किमतीची घासाघीस अजिबात न होणारी एक हस्तकला मात्र सोलापुरात आहे. हातमागावरचं वॉल हँगिंग. सुताच्या एकेका रंगानं अख्खा चेहरा माणूस मागावर उतरवतो, नाकाच्या सावलीसकट. पुढारी शहरात आला की त्याला त्याचंच तोंड विणून दिलं जातं. तो भाव करत नाही, कारण पैसे तो देत नाही. विणकराला व्यासपीठावर बोलावतात, नमस्काराचा फोटो निघतो, पुढारी म्हणतो, 'ही कला जिवंत राहिली पाहिजे.' कलेबद्दल बोलतो, कलाकाराबद्दल नाही. 2015 पासून 7 ऑगस्ट हा राष्ट्रीय हातमाग दिन आहे. 2020 साली त्या दिवसाच्या ऐन तोंडावर अखिल भारतीय हातमाग मंडळ गुंडाळलं गेलं. 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या जवळपास दोन तृतीयांश विणकर कुटुंबांचं उत्पन्न महिन्याला पाच हजारांच्या आत निघालं होतं. दिन मात्र दरवर्षी वेळेवर साजरा होतो.

एवढं लिहून माझी मान ताठ होत आली होती, तेवढ्यात बायकोनं कपाट उघडून दाखवलं. आमच्याकडं मावशीच्या दोन गोधड्या आहेत. एक मी पाचशेला आणली, 'घरातलेच की आपण' असं सांगून. दुसरीचे पैसे द्यायला खिशात हात घातला तेव्हा मावशी 'असू दे' म्हणाली, आणि मी हात तसाच रिकामा बाहेर काढला. म्हणजे 19,440 टाके मी रोज रात्री फुकट पांघरतो. झोप उत्तम लागते.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. मागचे पैसे चुकते केले. ते मावशीनं तीनदा परत केले आणि चौथ्यांदा भांड्याखाली ठेवून मी पळालो. आणि मांडीवरच्या नव्या गोधडीवर, इरकली काठाच्या शेजारी, एक पुठ्ठा टाचणीनं लावून आलो. गड्ड्याच्या जत्रेपर्यंत ती तयार होईल. ज्यांना हवी असेल त्यांनी शेळगीला यावं. पुठ्ठ्यावर लिहिलं आहे: किंमत 3,140 रुपये. 'मावशी' म्हणून हाक मारल्यास शंभर रुपये जादा.