निष्काम बास्केटबॉल

इलिनॉयमधल्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथं हिवाळ्यात करण्यासारखी दोनच कामं असतात. एक, बर्फ उपसणं. दुसरं, "बर्फ उपसायचा राहिलाय" असं एकमेकांना सांगत घरात बसून राहणं. नवऱ्यानं दुसरं काम पत्करलं. मी गावातल्या कॉलेजच्या जिममध्ये जाऊन बसू लागले, कारण तिथला हीटर जोरदार होता आणि प्रवेश फुकट होता. समोर बास्केटबॉल चालू होता, हा निव्वळ योगायोग.

कॉलेजचं नाव सांगणार नाही. हल्ली खेळाडूंच्या आया कुठल्याही भाषेतला मजकूर फोनवर टाकून वाचतात, आणि मला सगळा हिवाळा त्यांच्याच मांडीला मांडी लावून काढायचा असतो.

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की लोकांना ड्यूक, केंटकी आठवतात. हजारोंची गर्दी, टीव्हीचे कॅमेरे, कोट्यवधी पगार घेणारे कोच. माझी भक्ती त्या देवस्थानांवर नाही. माझा जीव तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये अडकला आहे. एनसीएए या संस्थेनं १९७३ साली कॉलेजांचे तीन विभाग पाडले. तिसऱ्यात आज चारशेहून जास्त कॉलेजं आहेत, आणि तिथला मुख्य नियम असा की खेळतो म्हणून कुणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही. फळाची अपेक्षा ठेवू नकोस, एवढंच भगवंतांनी अर्जुनाला सांगितलं होतं. इथं फळ द्यायलाच बंदी आहे, तीही लेखी.

पुण्याहून दीर आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीकडे कर्जाच्या अर्जाकडे पाहावं तसं पाहतात. त्यांना सामन्याला घेऊन गेले. पहिली पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले,

"वहिनी, यातली किती पोरं पुढं एनबीएत जाणार?"

"एकही नाही, भाऊजी."

"मग खेळतात कशाला?"

"आवडतं म्हणून."

"बरं. आणि तुम्ही बघता कशाला?"

आता घराण्याची अब्रू वाचवणं भाग होतं. मी त्यांना डेव्हीन जॉर्ज सांगितला. मिनियापोलिसच्या ऑग्सबर्ग या छोट्या कॉलेजातला हा मुलगा १९९९ मध्ये थेट लॉस एंजलिस लेकर्सनं एनबीएच्या खेळाडू-निवडीच्या पहिल्या फेरीत उचलला, आणि पुढं त्यानं त्यांच्यासोबत तीन विजेतेपदं पाहिली. मग डंकन रॉबिन्सन सांगितला. मॅसॅच्युसेट्सच्या विल्यम्स कॉलेजात एक वर्ष तिसऱ्या विभागात खेळला, तिथून मिशिगन विद्यापीठात गेला आणि पुढं मायामी हीटकडून एनबीएच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. भाऊजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "चारशे कॉलेजं, इतकी वर्षं, आणि तुम्हाला नावं आठवतात दोन," ते म्हणाले. "हे खातं बुडीत आहे."

मध्यंतरात मात्र त्यांनी स्वतः उठून पॉपकॉर्न आणले आणि उत्तरार्धात रेफ्रीला तीनदा "ओ मास्तर!" म्हणून हाक मारली.

खरी अडचण भाऊजींची नव्हती, ती आयांची होती. आमच्या जिममध्ये येणाऱ्या प्रत्येकाकडे येण्याचं कारण असतं. कुणाचा मुलगा खेळतो, कुणाचा रूममेट, कुणाचा प्रियकर. प्राध्यापक येतात ते आपला विद्यार्थी सोमवारचा निबंध का देऊ शकणार नाही याचा पुरावा बघायला. सुरुवातीला प्रत्येक आई मला विचारायची, "यातला तुमचा कुठला?" मी म्हणायची, "कुठलाच नाही." त्यावर बाई जरा सरकून बसायची. साडेसहा फुटी पोरांकडे टक लावून बघणारी, कुणाचीच कुणी नसलेली, शालीत गुंडाळलेली बाई; मलाही माझा संशय आला असता. पुढं मी "सगळेच माझे" म्हणायला लागले. अमेरिकन बायकांना हे फार गोड वाटतं. सीझन नोव्हेंबरात, म्हणजे नेमका दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. त्यामुळे शंकरपाळ्यांचा डबा नेला की उरलेला संशयही फिटतो.

एक गोष्ट इथं सांगून टाकते. पुरुषांच्या सामन्याआधी त्याच कोर्टवर बऱ्याचदा मुलींचा सामना असतो, आणि आमच्या मुली मुलांपेक्षा किती तरी चांगल्या खेळतात. पास नेमके, डोकी थंड. तरी मी मुलांचीच भक्त. त्यांना गरज जास्त आहे.

गर्दी कमी असण्याचा एक परिणाम आधी कुणी सांगत नाही. वीस हजारांत ओरडलं तर तो जनतेचा आक्रोश असतो. ऐंशी लोकांत ओरडलं तर ते तुम्ही असता. एकदा मी "ट्रॅव्हलिंग! चार पावलं चालला!" म्हणून किंचाळले, तर रेफ्री धावता धावता माझ्याकडे वळून म्हणाला, "तीन, मॅडम." शिवाय आमचा सेंटर कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवर काम करतो. शनिवारी ज्याच्यावर "हात वर कर रे!" म्हणून खेकसायचं, त्याच्याचकडे सोमवारी उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंड भरायचा. तो सभ्य मुलगा आहे, पण दंड माफ करत नाही.

अशा भक्तांची काशी कुठं, असं कुणी विचारलं तर मी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाकडे बोट दाखवीन. तिथं कॅलटेक आहे. नोबेलविजेत्यांची खाण, आणि बास्केटबॉलमध्ये आनंदीआनंद. त्यांच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे ठरावीक कॉलेजांच्या आपसातल्या साखळीतले, सलग ३१० सामने हा संघ हरला. हे १९८५ मध्ये सुरू झालं आणि २०११ पर्यंत चाललं. म्हणजे पहिल्या पराभवाच्या वेळी जन्मलेलं मूल सव्वीस वर्षांचं झालं, तरी यांचं आपलं चालूच. मधे २००७ च्या जानेवारीत बार्ड कॉलेजला त्यांनी ८१–५२ असं हरवलं, पण बार्ड पडलं न्यूयॉर्क राज्यातलं, कॉन्फरन्सबाहेरचं. तो विजय त्या हिशेबात धरता येईना. शेवटी २२ फेब्रुवारी २०११ रोजी, सीझनच्या अखेरच्या सामन्यात, ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध शेवटचे काही सेकंद उरले असताना रायन एल्मक्विस्ट नावाच्या खेळाडूनं फ्री थ्रो टाकला आणि कॅलटेक ४६–४५ असं जिंकलं. एका गुणानं. लोक कोर्टवर धावले.

त्या खेळाडूंचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला कुतूहल प्रेक्षकांचं आहे. त्या सव्वीस वर्षांत दर आठवड्याला कुणी तरी डबा भरून, गाडी काढून, "आज बघूया" म्हणत त्या जिमकडे निघत असणारच. अशा माणसाला गाठून त्याच्या पाया पडावं असं मला फार वाटतं.

दुसरं तीर्थक्षेत्र आयोवातलं ग्रिनेल. तिथल्या डेव्हिड आर्सेनो या कोचनं एक पद्धत काढली, तिला सगळे नुसतं 'सिस्टीम' म्हणतात. मिनिटभराच्या आत पाचच्या पाच खेळाडू बदलायचे, दिसेल तिथून तीन गुणांचा बॉल फेकायचा, आणि समोरच्याला पटकन बास्केट करू द्यायची. म्हणजे बॉल लवकर परत मिळतो. बचाव हा प्रकार त्यात वेळेचा अपव्यय मानतात. २० नोव्हेंबर २०१२ रोजी या संघाच्या जॅक टेलरनं फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेजविरुद्ध एकट्यानं १३८ गुण केले. १०८ वेळा बॉल फेकला, ५२ वेळा पडला. १९५४ मधला ओहायोच्या रिओ ग्रँड कॉलेजच्या बेव्हो फ्रान्सिसचा ११३ गुणांचा विक्रम मोडला. टेलर दुसऱ्या दिवशी देशभर टीव्हीवर.

माझं मन मात्र डेव्हिड लार्सनपाशी अडकतं. हा त्याच सामन्यात हरलेल्या संघाकडून खेळत होता आणि त्यानं ७० गुण केले. सत्तर! ४४ पैकी ३४ बास्केट! कुठल्याही दुसऱ्या रात्री त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं असतं. आणि या रात्री त्याचा संघ १७९–१०४ असा हरला, आणि त्याचं नाव बातमीच्या तळाशी गेलं. गणितात ९८ मिळवून घरी यावं आणि शेजारच्या बंड्याला नेमके शंभर पडलेले असावेत, हे दुःख मराठी घरात वाढलेल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तिसऱ्या विभागातल्या संघांची नावं हा आणखी एक करमणुकीचा भाग. इंडियानातल्या अर्लहॅमचा संघ आहे 'क्वेकर्स', म्हणजे युद्धाला विरोध करणाऱ्या पंथाचा. तोही रिबाउंडसाठी सर्रास कोपरं मारतो. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा संघ म्हणजे 'बनाना स्लग्ज', पिवळ्या गोगलगाई. आणि त्याच राज्यातल्या व्हिटियर कॉलेजचा संघ चक्क 'पोएट्स'. हरले तरी बहुधा समीक्षकांवर खापर फोडत असतील.

फेब्रुवारी उजाडला की आमच्यासारख्यांना वेगळा ताप चढतो. राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ. कॉन्फरन्स जिंकणाऱ्याला थेट प्रवेश, उरलेल्या थोड्या जागांसाठी गुणांकन. त्यासाठी आता एनपीआय नावाचा आकडा असतो. तो आपण जिंकलो की वाढतो, आणि आपण ज्यांना हरवलं ते पुढं जिंकत गेले की आणखी सुधारतो. त्यामुळे डिसेंबरात ज्यांना शिव्या घातल्या, त्यांच्याच विजयासाठी फेब्रुवारीत देव पाण्यात घालून बसावं लागतं. आमच्या संघाला या आकड्याची गरज अजून पडलेली नाही. तरी मी दर रविवारी तो बघते.

नवरा अजूनही घरातच बसतो. भाऊजींनी मात्र पुण्याहून सामने इंटरनेटवर बघायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे तेव्हा पहाट असते, म्हणून ते त्याला योगासनांच्या वेळात बसवतात. परवा फोनवर म्हणाले, "वहिनी, तुमचा तो सेंटर डावीकडे वळताना बॉल सोडतो. कोचला सांगा." मी सांगितलं. कोच म्हणाला, त्याला माहीत आहे.

तुम्ही अमेरिकेत मुलाकडे, मुलीकडे हिवाळ्यात आला असाल आणि मॉल बघून कंटाळला असाल, तर जवळचं छोटं कॉलेज शोधा. तास-दीड तासाच्या अंतरावर एखादं बहुधा सापडेल. शनिवारी दुपारी जा, तिकीट फार तर पाच-दहा डॉलरचं असेल, नाही तर फुकटच. बसायला जागा मिळेल. "यातला तुमचा कुठला?" असं कुणी विचारलं, तर सगळ्यात कमी खेळायला मिळणाऱ्या पोराकडे बोट दाखवा. त्याची आई तुम्हाला चहा पाजेल.