नॉन-ॲसिडकाका

सोसायटीत कुणाकडे पाहुणा आला की काका आधी त्याची चाकं बघतात, मग चेहरा. पाहुणा अजून सीटबेल्ट सोडत असतो, तोवर यांची गाडीभोवती एक प्रदक्षिणा झालेली असते. "पुढची काळीकुट्ट, मागची बरी. म्हणजे मागे ड्रम ब्रेक," असं स्वतःशी पुटपुटून होतं. नमस्कार-चमत्कार नाहीत. पहिला प्रश्न, "चाकांना काय घालता?" परवा माझा साडू आला होता. तो बिचारा म्हणाला, "हवा."

असे एक काका पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत असतात. बिल्डर पार्किंगबरोबर देत असावा. आमच्या काकांची सगळी हयात एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला गेली. दुसऱ्याच्या मालातली खोट काढण्यासाठी पूर्वी पगार मिळायचा, आता ते फुकट काढतात. रविवारी सकाळी सातला ढगळ बर्मुडा, खांद्यावर पंचा आणि दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसत्या पाण्याची, अशी स्वारी खाली येते. नटांच्या खोबणीसाठी दात घासायचा जुना ब्रश. एकेका चाकाला वीस मिनिटं. स्टेपनीलाही मिळतात, पण दिवाळीत.

आपण चुकून थबकलो की व्याख्यान सुरू. "ही धूळ नव्हे रे! ब्रेक दाबलास की पॅड डिस्कवर घासतं. पॅडचा भुगा होतो आणि डिस्कचा कीस उडतो. डिस्क कशाची? बिडाची. आईचा घावनाचा तवा असतो ना, तेच बीड. हा तापलेला लोखंडी कीस चाकावर जाऊन बसतो आणि ओल लागली की तिथंच गंजतो. जास्तीचा ब्रेक पुढच्या चाकांवर, म्हणून पुढची जास्त काळी. फडक्यानं जाईल?" एवढं बोलून ते गाड्या धुणाऱ्या पोराकडे बघतात. एकाच बादलीत आणि एकाच फडक्यानं तीस गाड्या उरकणारा तो मुलगा ऐकू न आल्यासारखं करतो. आठ वर्षांत तो अशा पुष्कळ गोष्टी शिकलाय.

काकांच्या लेखी जग दोन भागांत विभागलेलं आहे: ॲसिडवाले आणि नॉन-ॲसिडवाले. ॲसिडवाले म्हणजे घाईचे लोक, शॉर्टकटवाले, धुलाई सेंटरवर स्वस्तातलं पाणी मारून घेणारे. "दोन मिनिटांत चकाचक होतं, मान्य. पण अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम. वरती लॅकरचा थर आहे तोवर ठीक. तो थर म्हणजे पितळी पातेल्याची कल्हई. कल्हई शाबूत असेल तर आमटी खुशाल आंबट कर. उडाली की कळकलीच! फुटपाथला घासलेलं, टवका उडालेलं चाक आणि त्यावर ॲसिड? पांढरे डाग पडतात, मग बस आयुष्यभर पॉलिश करत." चाकांच्या काही जहाल ॲसिडांत फ्लोराइड असतं, ते कातडीतून आत शिरतं, आग मागाहून होते आणि ते शरीरातल्या कॅल्शियमवर उठतं, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज एकदम खाली येतो. तेवढ्यापुरते ते खरोखरचे काका वाटतात.

नॉन-ॲसिडचं कौतुक करताना ते पुन्हा रंगात येतात. त्यांची लाडकी बाटली लोखंड विरघळवणारी. फवारलं की मिनिटा-दोन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागतात. सोसायटीतली पोरं ते बघायला सायकली टाकून येतात. अडचण एकच, वास. त्यातलं थायोग्लायकोलेट पार्लरमध्ये केस कुरळे करायलाही वापरतात, आणि त्याचा दर्प थेट सडक्या अंड्याशी नातं सांगतो. एकदा नेमकी रविवारी एकादशी आली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी 'उपासाच्या दिवशी पार्किंगमध्ये अंडी कोण उकडतंय' अशी लेखी तक्रार कमिटीकडे केली. काकांनी उत्तरादाखल दोन पानं रसायनशास्त्र लिहून दिलं. कमिटीनं ते फाइल केलं.

नियमही कडक. चाक गरम असताना औषध मारायचं नाही. पालथा हात लावून बघतात, आई पोराचा ताप बघते तसा. उन्हात नाही. वाळू द्यायचं नाही. एका वेळी एकच चाक. आणि बाटलीवर नॉन-ॲसिड लिहिलंय म्हणून भुलायचं नाही. "कॉस्टिकवालंही नॉन-ॲसिडच की! ॲल्युमिनियमला आंबट सोसत नाही तसं जहाल खारंही सोसत नाही. दोन्हीकडून मरतं बिचारं." हे वाक्य काकूंनी कॉफी घेऊन येताना ऐकलं आणि म्हणाल्या, "माझ्यासारखं."

ही निष्ठा त्यांना जन्मतः नव्हती. त्यांच्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर एक पांढरट, खरबरीत खळगा आहे. पहिल्या गाडीच्या वेळी काका स्वतः कट्टर ॲसिडवाले होते. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक चाकावर ओतलं, ते ओघळून फरशीवर आलं आणि फरशी फसफसली. शहाबादी म्हणजे चुनखडीच, ती फसफसणारच. चाकं गेली, गाडीही विकली, खळगा राहिला. नव्या भाडेकरूंना ते तो 'ड्रिलिंगवाल्यांचा हलगर्जीपणा' म्हणून दाखवतात.

गेल्या उन्हाळ्यात मोठीच पंचाईत झाली. नळाचं पाणी आटलं, टँकर आणि बोअरवर निभावलं. बोअरच्या पाण्याचे ठिपके चाकांवर वाळून पक्के झाले, आणि त्या क्षारांपुढे जांभळी बाटली काय करणार? तिला लोखंड कळतं, चुना कळत नाही. एका शनिवारी रात्री साडेदहाला मी कचरा टाकायला खाली उतरलो, तर काका मोबाइलच्या उजेडात, पाठमोरे, चाकाला काहीतरी चोळतायत.

"काका, काय हे?"

"लिंबू सत्त्व. पाण्यात अगदी पातळ केलंय."

"म्हणजे सायट्रिक ॲसिड."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग चाकावर तांब्याभर पाणी ओतत म्हणाले, "सत्त्व म्हटलं ना मी?"

तर आमच्याकडे जरूर या. फक्त गाडी घेऊन येणार असाल तर रविवार टाळा, आणि चाकं काळी असतील तर सरळ रिक्षानं या.