उस्तादाची घाई

लढाईचं काही सांगा म्हणून नातवंडं मागे लागली की मी त्यांना बुटांचं सांगतो. त्यांचा हिरमोड होतो, कारण त्यांना तोफा हव्या असतात. पण माझी पहिली लढाई झाली ती बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरात, तळाला खिळे ठोकलेल्या कातडी बुटांशी. बरेच दिवस बूटच जिंकत होते.

१९६२ साल. २० ऑक्टोबरला चीननं हल्ला केला, २६ला आणीबाणी जाहीर झाली. पुढच्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, आणि त्यांच्याही आधी देशाच्या मदतीला आम्ही निघालो होतो. मीटरगेजच्या डब्यात, उभ्यानं. पोचल्याबरोबर न्हाव्यानं सगळ्यांना असं काही सारखं केलं, की शेजारच्या गावचा माझा दोस्त मला संध्याकाळपर्यंत सापडेना.

आमचा उस्ताद हवालदार होता. मूळचा आपल्याकडचाच, पण ओरडायचा हिंदीत. "ए गणपत, हिलो मत! मक्खी बैठा तो बैठने दो!" मराठा पलटणीतल्या शिपायाला फौजेत गणपतच म्हणतात, त्यामुळे ओरडा नक्की कुणाला हे कळायचं नाही आणि सगळेच दचकायचे. चुकलं की 'जैसे थे', पुन्हा चुकलं की रगडा. थ्री-नॉट-थ्री रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून मैदानाला चक्कर. तिचं वजन चार किलोच्या आसपास, असं वर्गात शिकवलं होतं. दुसऱ्या चकरेनंतर त्या वर्गावरचा माझा विश्वास उडाला. रात्री चिंदी ओढून ओढून नळी चकचकीत करावी, तर सकाळी उस्ताद तिला डोळा लावून म्हणणार, "इसमें तो भैंस नहा रही है!"

एवढा कर्दनकाळ माणूस, पण संध्याकाळी बराकीत येऊन आमचे पाय बघायचा. खाटेवर बसवून, बोटं फाकवून. कुणाला फोड दिसला तर स्वतः औषध लावायचा, आणि लावता लावता त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. शिव्या मात्र मराठीत. नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या, थंडीत आपली पोरं सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत लढली, हे आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. त्याला तेव्हाच कुणकुण लागली असावी. एरवी रंगरूट घडवायला जेवढे महिने मिळायचे, तेवढे त्याला मिळणार नव्हते. पलटणी माणसं मागत होत्या. त्याला घाई झाली होती आणि आम्ही समजत होतो, हा जन्मजात खवीस आहे.

खवीस होताच म्हणा थोडासा.

२१ नोव्हेंबरला चीननं आपणहून युद्धबंदी जाहीर केली, तेव्हा आमचं अजून 'दाहिने मुड'च चाललं होतं. निम्मे डावीकडे वळत होते. आमच्यातल्या एका भाबड्यानं धीर करून विचारलं, "उस्ताद, लढाई संपली म्हणतात. आता रगडा कमी होईल का?"

उस्तादानं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू भरती झाल्याची खबर लागली, म्हणून चिनी घाबरून परत गेला बघ," तो म्हणाला. "आता रायफल डोक्यावर घे आणि मैदानाला चक्कर मार. त्याची खात्री पटू दे."