जंतवाला भाचा

परदेशातून येणारी माणसं चॉकलेटं आणतात, आमचा भाचा फोटो आणतो. पानं वाढून झाली की फोन पुढे करतो. "मामा, हे बघ." बोटाएवढा मासा, पोट फाडलेलं. मी म्हटलं, "याने लेंग्याची नाडी गिळली की काय?" तर म्हणे, "फीतकृमी! कधीकधी माशाच्या निम्म्या वजनाचा भरतो." चेहऱ्यावर असं कौतुक, की बारशाचे पेढेच वाटायचे बाकी होते. मामीने आमटीचं भांडं झाकलं.

कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर तळ्यांत पिंजरे टाकून हा स्टिकलबॅक नावाचे तीनकाटी मासे धरतो. मासा खायचा नाही, विकायचा नाही, फक्त त्याच्या पोटात डोकवायचं. हिमयुग ओसरल्यावर, साधारण 12,000 वर्षांपूर्वी, त्यांचे समुद्री पूर्वज गोड्या पाण्यात शिरले आणि या जंताच्या तावडीत सापडले. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडी पाण्यात, तिथून कोपेपॉड नावाच्या कणभर जिवात, तो गिळला की माशात, मासा गिळला की पुन्हा पक्ष्यात. (हे सगळं भात कालवताना.)

रॉबर्ट्स तळ्यातल्या माशांच्या अंगी पिढ्यानपिढ्या एक गुण मुरला. जंत शिरला की पोटात व्रणासारख्या चिवट धाग्यांचं जाळं विणायचं आणि त्याला तिथेच जखडायचं. जंत खुरटतो, पण माशाची आतडी-काळीजही एकमेकांना चिकटतात आणि विणीवर परिणाम होतो. शेजारच्या गॉस्लिंग तळ्यातल्या माशांनी हा नाद सोडून दिला. जंत पोसायचा आणि संसारही करायचा. जेसी वेबर, डॅनियल बोल्निक वगैरे मंडळींनी दोन्ही तळ्यांतल्या माशांचा संकर करून यामागची जनुकं धुंडाळली आणि 2022 साली 'सायन्स'मध्ये निबंध लिहिला. भाच्याला तो तोंडपाठ आहे. शुभंकरोति विसरला.

तेव्हापासून त्याच्या लेखी जगात दोनच जाती. "मामी रॉबर्ट्स, मामा गॉस्लिंग." मामी उंबऱ्यातच पाहुणे परतवते आणि रोज रक्तदाबाची गोळी घेते. माझ्याकडून लोक उसने पैसे नेतात आणि मी घोरतो. निदान चोख आहे. फक्त आमच्याकडे मुक्काम ठोकून पाचवा आठवडा चालू असलेला माणूस ते करतोय, एवढंच.

परवा बाजारात त्याने कोळणीला बजावलं, "मावशी, पोट साफ करू नका, मला बघायचंय." तिने पापलेटकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "लग्नाचा हाय काय?"

मामीने मासळीच बंद केली. काल भरली वांगी करायला घेतली, तर पहिल्याच वांग्यात अळी निघाली. भाचा भिंग घेऊन दुपारभर ओट्याशी उभा होता. जेवण चार वाजता झालं.