आयोवा ते सौंसर, मार्गे फळगळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांना दिवसभर दगडांनी हाणतात. पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, अशी त्यामागची कथा. प्रशासनानं मध्यंतरी रबरी चेंडू देऊन पाहिले. चेंडू मागे पडले, दगड राहिले. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात.

आमची लेक पांढुर्ण्यात दिलेली. पोरांचं डोकं शाबूत राहावं म्हणून ती त्या दिवशी त्यांना आमच्याकडे, सौंसरला आणून सोडते. मुलाची पोरं घरात असतातच. मी निवृत्त मास्तर. नातवंडं ओळीनं दिसली की मला हजेरी घ्यावीशी वाटते.

त्यातच मी जेन इलियट या बाईंबद्दल वाचलेलं. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या राइसव्हिल गावी त्या तिसरीला शिकवत. 4 एप्रिल 1968 रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. दुसऱ्याच दिवशी बाईंनी वर्गाचे दोन भाग केले: निळ्या डोळ्यांची पोरं आणि तपकिरी डोळ्यांची. एक गट हुशार म्हणून जाहीर. दुसऱ्याला ओळखीची पट्टी. दिवस मावळायच्या आत कालचे मित्र एकमेकांना हिणवू लागले. मग बाईंनी गट उलटे केले, म्हणजे दोघांनाही कळलं की खाली बसवलं की कसं वाटतं. मी ठरवलं, जात, धर्म, गाव, भाषा या सगळ्या दुखण्यांवर एका दुपारी, जेवणाआधी उपचार करून टाकायचा.

अंगणात पोरं उभी केली आणि डोळे तपासले. सगळ्यांचे काळे. शेजारच्या एकाचे जरासे घारे, पण त्याचा गट एकट्याचाच झाला असता. आयोवात ही अडचण आली नसावी.

मग सौभाग्यवतींच्या डब्यातून रिबिनी काढल्या, नारंगी आणि हिरव्या. संत्र्याचा मुलूख आपला, पोरांना पटकन समजेल. पिकलेलं ते हुशार, कच्चं ते ढ. हाताला येईल तशा, अगदी निष्पक्षपणे, रिबिनी बांधल्या. नारंगीवाल्यांना पुरणपोळी आधी आणि झोक्यावर पहिला नंबर.

परिणाम आयोवापेक्षा लवकर दिसला. मुलाचा धाकटा, वय वर्षं पाच, नारंगी मनगट कमरेवर ठेवून आपल्या आतेभावाला म्हणाला, "जिल्हा भेटला तवापासून लयच चढले हे पांढुर्णेवाले!"

वहीत नोंद करायला घेतलेला पेन मी तसाच धरून राहिलो. छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके काढून ऑक्टोबर 2023 मध्ये नवा जिल्हा झाला. नाव पांढुर्ण्याचं, कलेक्टरही पांढुर्ण्यातच बसतो. मला त्याचं काडीचंही वाईट वाटलेलं नाही, हे मी तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं सांगत असतो. पोरगं तिथंच लाकडी बैल खेळवत असतं. त्यानं माझी फक्त शेवटची ओळ उचलली होती, आणि मान वेळावण्याची लकब.

"आणि तुमचं सौंसर?" आतेभाऊ सरसावला. ते वाक्य माझ्या व्याह्यांचं असणार. मी ओळखलं.

आमच्या परसात संत्र्याची झाडं आहेत आणि पोळ्याच्या सुमारास अंबिया बहाराची फळगळ चालू असते. झाडाखाली हिरव्या, टणक फळांचा सडा. शेतकऱ्याचं नुकसान, पण पोरांना दारूगोळा. मी "आता गट उलटे करू या" म्हणेपर्यंत कुणीतरी पाटाच्या पाण्यात पऱ्हाटी रोवली होती आणि तिला माझाच रुमाल बांधला होता. नारंगी या काठाला, हिरवे त्या काठाला. मी मधे जाऊन समतेवर बोलायला सुरुवात केली. दोन्ही काठांचा नेम चांगला होता.

सौभाग्यवती पुरणाचे हात घेऊन बाहेर आल्या. आरडाओरडा जागच्या जागी थांबला. माझ्या कपाळाकडे त्यांनी एकदाच पाहिलं, मग पोरांच्या मनगटांकडे बराच वेळ. म्हणाल्या, "अहो, हिरव्या कोणाकोणाला बांधल्या?"

मीही तेव्हाच नीट पाहिलं. नारंगी सगळ्या मुलाच्या पोरांना. हिरव्या लेकीच्या पोरांना, शेजाऱ्याच्या घाऱ्याला आणि बागेच्या रखवालदाराच्या मुलीला. ती मुलगी पाटाच्या कडेला उभी होती. तिनं एकही फळ फेकलं नव्हतं. तिनं विचारलं, "आबाजी, आमालेच हिरवी काहून?"

"हाताला आली ती बांधली," मी म्हणालो.

"हावू," ती म्हणाली. शाळेत पाहुणे आले की मागच्या रांगेतली पोरं असंच हावू म्हणायची.

सौभाग्यवतींनी सगळ्यांच्या रिबिनी सोडवल्या, एकाच पंगतीला बसवलं आणि पहिली पोळी तिला वाढली. मला शेवटी. लेक संध्याकाळी न्यायला आली तेव्हा तिच्या घरी सगळे सुखरूप होते. माझ्या कपाळावरचं टेंगूळ पाहून म्हणाली, "बाबा, तुमी गोटमारीत गेलते का?"

शिक्षक बंधू-भगिनींनो, हा प्रयोग करायचाच असेल तर रिबिनी स्वतः वाटू नका. चिठ्ठ्या टाका आणि पोरांनाच उचलू द्या. त्याआधी महिनाभर ओट्यावर काय बोलता ते घरच्यांना विचारून घ्या. आणि फळगळीच्या दिवसांत तर करूच नका.