कॉम्प्युटरचा डीओ

एडमंटन, कॅनडा

ती. बाबांना,


फोनवर कॉम्प्युटरचा विषय निघाला की तुमचे चिरंजीव कॅमेरा खिडकीबाहेरच्या बर्फाकडे वळवतात, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. म्हणून हे पत्र.

नाताळच्या सुट्टीत बापलेकांनी जेवणाच्या टेबलावर सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर उभा केला. चालला, आणि छान चालला. यांना तेच सोसवेना. रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या, शेजारी तशाच आणखी दोन आणून बसवल्या. झालं! पंखे फिरतायत, दिवे लागलेत, आणि पडदा काळाकुट्ट.

डीडीआर५ रॅम नवीन बसवली की मदरबोर्ड आधी तिची तालीम घेतो म्हणे. त्यात काही मिनिटं जातात, तोवर बोर्डावर एक बारीक पिवळा दिवा जळत राहतो. माणसाने गप्प बसायचं, एवढंच काम. ते तुमच्या मुलाला कुठलं जमायला! दर वेळी मधेच बटण बंद, की तालीम पुन्हा पहिल्यापासून. शेवटी नातवाने त्यांना बर्फ उपसायला अंगणात पिटाळलं. ते आत येईपर्यंत पडदा उजळला होता. विंडोजचं चक्र गरगरलं, निळा पडदा आला, आणि यंत्र आपणहून बंद होऊन परत चालू. मग हेच दिवसभर.

चिरंजीवांच्या मते एसएमपीएस गेला. शेजारच्यांच्या मते व्हायरस. नातवाच्या मते बाबांचे लोकरीचे मोजे. हसू नका, बाहेर उणे २८ आणि घरात हीटरमुळे हवा कोरडीठाक. गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की ठिणगी उडते. आपल्याला तो चटका जाणवायलाच ३,००० व्होल्टच्या आसपास लागतात, चिप जायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. तेव्हापासून दुरुस्ती अनवाणी, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

मला मात्र तुमचं वीज मंडळ आठवलं. डीओचा फ्यूज उडाला की डीपीला शिव्या देत बसायचं नाही, सगळा लोड काढायचा आणि मग एकेक जोडत जायचं, असं तुम्ही सांगायचात. नातवाने तेच केलं. ग्राफिक्स कार्ड बाहेर. रॅमची एकच पट्टी, तीही मदरबोर्डच्या पुस्तकात सांगितलेल्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट लावून रात्रभर यंत्र राबवलं. अशा एकेक करून चारही तपासल्या. एकीतही खोट नाही! जोडीने लावल्या तरी उत्तम. चौघी बसल्या की निळा पडदा.

मेख वेगाच्या आकड्यात होती. पाकिटावर ६००० छापलंय, बायोसमध्ये एक्स्पो चालू केलं की तो वेग मिळतो. पण तो एका पाकिटातल्या जोडीपुरता. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात दोन पट्ट्यांना ५२००, आणि चार झाल्या की फक्त ३६००. गौरी-गणपतीत आम्ही चारही जावा एका ओट्यापाशी आलो की काय होतं, ते तुम्ही बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता ऐकलेलं आहे. सगळ्याच सुगरणी, कुणाला बोलणार!

वेग ३६०० वर आणला, तर कॉम्प्युटर मुकाट सुरू झाला. पण नातवाला गेमसाठी वेग हवा, म्हणून नव्या दोन्ही पट्ट्या काढून टाकल्या. दुकानात परत करायची मुदत उलटून गेली होती. त्या आता माझ्या निरांजनाच्या कप्प्यात आहेत, कारण 'लागतात कधीतरी'.

एप्रिलमध्ये येताना तुमचा जुना टेस्टर आणा, असा निरोप तुम्हाला येईल. आणू नका. काल तुमचे चिरंजीव मायक्रोवेव्ह उलटा करून मागचे स्क्रू मोजत होते. टेस्टरच्या जागी आईंकडून मेतकूट घ्या, दोन डबे बसतील.

तुमची,
सूनबाई