मामा न्यू जर्सीचा पाहिजे

जून महिन्यात नागपूरकर दोन गोष्टींची वाट बघतो, पावसाची आणि नीटच्या निकालाची. पाऊस हमखास उशिरा येतो. निकालाचं मात्र सांगता येत नाही. 2024 मध्ये तो 14 जूनला लागायचा होता, लागला 4 जूनला, म्हणजे लोकसभेची मतमोजणी सुरू असताना. अख्खा देश टीव्हीवर जागा मोजत होता आणि पोरं मोबाइलवर गुण मोजत होती. त्या वर्षी पहिल्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 मिळाले, 1,563 जणांना वाढीव गुणांची खिरापत मिळाली आणि पुढे सुप्रीम कोर्टात ती परतही घेतली गेली. परीक्षेला 23 लाखांवर मुलं आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा लाखभर. आपल्या नागपुरात मेडिकल कॉलेजला 250, मेयोला 200. बाकीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

हा हिशेब ज्यांना जमत नाही, ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी 'मार्गदर्शन' घ्यायला जातात. अशी कार्यालयं शहरात जागोजागी आहेत. काचेच्या टेबलाखाली गणपतीचा फोटो, भिंतीवर जगाचा नकाशा, नकाशावर बिश्केक, ताश्कंद आणि तिबिलिसीला टोचलेल्या लाल टाचण्या. भूगोलाच्या पेपरात ज्यांनी किरगिझस्तान ऑप्शनला टाकला होता, त्या बापांना इथे त्याच्या राजधानीचं हवामान तोंडपाठ होतं.

मी एका स्नेह्यांसोबत गेलो होतो. पोरीला 412. तिथल्या सरांनी गुणपत्रिका पाहिली, बाजूला ठेवली आणि पुन्हा तिच्याकडे बघितलंच नाही.

"काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? पोरगी हुशार आहे. बजेट सांगा."

भाऊंनी बजेट सांगितलं. सरांनी चहा मागवला, पण अर्धा.

"बाहेर कोणी आहे का तुमचं? अमेरिका, इंग्लंड?"

"नाही बा. शेजाऱ्याचा पोरगा आहे मस्कतला."

"शेजारी नाही चालत. नात्यातला पाहिजे."

वहिनी इतका वेळ गप्प होत्या. "माझा मामेभाऊ आहे न्यू जर्सीत. पण 2011 मध्ये घराच्या वाटणीवरून वाजलं, तेव्हापासून बोलणं नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "आता बोलायचं वहिनी. आजच बोलायचं. राखी पाठवा, कुरिअरनं."

चहा पूर्ण आला.

ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत 15 टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांसाठी ठेवता येतील, असं सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये इनामदार खटल्यात म्हटलं. हेतू चांगला होता. परदेशातल्या भारतीयांची लेकरं मायदेशी शिकायला येतील, जादा फी देतील, त्या पैशातून इथल्या गरिबाच्या लेकराला आधार होईल. प्रत्यक्षात न्यू जर्सीचं लेकरू न्यू जर्सीतच शिकतं आणि त्याच्या नावाने प्रतापनगरची पोरगी. तिला पुरस्कर्ता लागतो, त्याच्या पासपोर्टची प्रत लागते, दूतावासाचं प्रमाणपत्र लागतं, नात्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. तेरा वर्षं न बोललेला मामा एका रात्रीत पालक होतो. कुटुंबसंस्था मोडीत निघाली म्हणून गळे काढणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी एकदा प्रवेशाच्या तिसऱ्या फेरीला येऊन बघावं.

पंजाब सरकारने तर 2024 च्या ऑगस्टमध्ये ही नाती अधिकृतपणेच वाढवली. काका, मामा, आत्या, मावशी, सगळ्यांच्या भाचे-पुतण्यांना अनिवासी ठरवून टाकलं. हायकोर्टाने ते उडवलं. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तर तिथे ही निव्वळ फसवणूक आहे, हा धंदा बंद करा, असं ऐकून परत आलं. नागपुरात ही बातमी सर्वांनी वाचली. सरांनीही वाचली. "ते पंजाबचं आहे," म्हणाले.

आता गुणांचं. कोणताही कोटा असला तरी नीट पात्र व्हावंच लागतं, म्हणजे गुणवत्तेशी तडजोड नाही, असं सांगतात. खुल्या वर्गासाठी पात्रता 50 पर्सेंटाइलची. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, एवढं बापांनाही आता कळतं. 2024 मध्ये त्या पर्सेंटाइलचे गुण झाले 162. 720 पैकी. त्याच वर्षी सहाशेच्या वर गुण असलेली खुल्या वर्गातली मुलं सरकारी जागेसाठी नखं खात होती. पदव्युत्तरला तर 2023 मध्ये पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली. परीक्षेला आलात ना? बस्स, पात्र.

आणि देणगी वगैरे शब्द कृपया काढू नका. महाराष्ट्राने 1987 सालीच कायदा करून कॅपिटेशन फीवर बंदी घातली. तेव्हा ती टेबलाखालून घेतली जायची. आता संस्थात्मक कोट्याचं शुल्क म्हणून ती पावतीवर येते. अनिवासी जागेचा साडेचार वर्षांचा हिशेब कोटीच्या घरात जातो आणि पावती मिळते. याला पारदर्शकता म्हणतात.

भाऊंचं बजेट कोटीचं नव्हतं. मग सरांची नजर नकाशाकडे गेली.

परदेशात जाऊन डॉक्टर होण्याचा रस्ता आपल्याकडे जुना आहे. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या. त्यांना एजंट नव्हता, वसतिगृहात 'इंडियन मेस' नव्हती. आज दोन्ही मिळतात. परत आल्यावर परदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा आहे. तिच्या बहुतेक निकालांत पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. माहितीपत्रकात हा आकडा नसतो, विमानतळावर घ्यायला येणाऱ्या गाडीचा फोटो असतो. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा विदर्भातल्या कितीतरी घरांना कळलं की खारकीव्ह रशियाच्या सीमेला इतकं लागून आहे. त्यानंतर टाचण्या फक्त सरकल्या.

राहिला देशी उपाय. "बीएचएमएस करा," सर म्हणाले, "नंतर एक वर्षाचा कोर्स." 2014 मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथांना आधुनिक औषधशास्त्राचा कोर्स केल्यावर ॲलोपॅथीची औषधं लिहायची मोकळीक दिली. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्यांची नोंदणी व्हायची वेळ आली, तेव्हा 2025 च्या सप्टेंबरमध्ये राज्यभर डॉक्टरांचा संप झाला. दोन्ही बाजू रुग्णहिताचंच बोलत होत्या. रुग्ण त्या दिवशी ओपीडीच्या बंद दाराशी होता. त्याच महिन्यात दिल्लीहून पत्र निघालं की फिजिओथेरपिस्टांनी नावामागे डॉक्टर लावू नये, आणि लगोलग ते मागेही घेतलं गेलं. देशाचं आरोग्य खातं एखादा निर्णय इतक्या तातडीने घेऊ शकतं, याचं मला अप्रूप वाटलं.

मुळात सगळी लढाई त्या दोन अक्षरांचीच आहे. मी सहज विचारलं, पोरीला रुग्णसेवाच करायची तर बी.एस्सी. नर्सिंग का नाही? सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दक्षिणेच्या ताटात चप्पल ठेवली. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे तसं नाही चालत." भाऊंनी विषय बदलून उन्हाचा काढला.

पोरगी कोपऱ्यात बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. तिने मागची दोन वर्षं एका कनिष्ठ महाविद्यालयात नाव आणि दुसरीकडे क्लासमध्ये देह ठेवून काढली. सरकारने 2018 मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावली, ती अशाच पोरांसाठी. अंगठे कुठे उमटतात आणि पोरं कुठे असतात, यावर एखादी पीएच.डी. होऊ शकेल.

मला आडवाटांबद्दल तक्रार नाही. याच शहरात मेयोच्या आवारात रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं. तिथे पदवी नव्हती, एलएमपीची सनद होती. कमी वर्षांचं शिक्षण, कमी खर्च, आणि सनद घेतलेला डॉक्टर उमरेड-काटोलच्या पुढे खेड्यात जाऊन बसायचा. कित्येक गावांनी पहिला स्टेथोस्कोप याच लोकांच्या गळ्यात पाहिला. भोर समितीने 1946 मध्ये सांगितलं की डॉक्टर एकाच दर्जाचा हवा, आणि एलएमपी संपली. 1947 मध्ये मेडिकल कॉलेज सुरू झालं. दर्जाचा मुद्दा खरा होता. पण ती आडवाट खेड्याकडे जात होती. आत्ताच्या सगळ्या आडवाटा शहरातल्या रामदासपेठेत येऊन थांबतात.

दुसरी वाट इथून पाऊणशे किलोमीटरवर होती. गांधी जन्मशताब्दीला, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढलं. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असायची आणि तीत जीवशास्त्र-रसायनाच्या जोडीला गांधी विचारांचा एक पेपर असायचा. पाठांतर करून, गाइड वाचून पोरं तोही सोडवत, याची मला कल्पना आहे. तरी डॉक्टर व्हायला निघालेल्या सतरा वर्षांच्या पोराला सर्वोदय म्हणजे काय हे एकदा तरी वाचावं लागे. त्या दाराशी गुणांखेरीज आणखी काही मागितलं जायचं आणि ते पैसे नव्हते.

देशभर एकच परीक्षा सक्तीची झाली, तेव्हा समानतेच्या तत्त्वाला हा पेपर अडचणीचा ठरला. आता गांधींची गाठ प्रवेश झाल्यावर पडते, आश्रमातल्या पंधरा दिवसांच्या शिबिरात. प्रवेश नीटच्या गुणांवरच होतो.

न्यू जर्सीच्या मामाला मात्र कोणतीच परीक्षा द्यावी लागत नाही. वहिनींची राखी त्याला पोचली. त्याचा फोनही आला. ट्रस्टी कोण आहेत, एवढंच त्याने विचारलं.